कोहाचा सर्व्हर अजून उबुंटू २०.०४ वर, दिवाळी अंकांच्या तोंडावर अपग्रेड करू का?

देवघेव_खिडकी | ४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, मी संगणकातली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. ब वर्ग, पुस्तकं २९ हजारांच्या आसपास, सभासद ६४०. देवघेवीसाठी आम्ही कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतो.

हे सगळं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उभं राहिलं. आमच्या मंडळातल्या एका सभासदांचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि घरी अडकला होता. त्याने एका जुन्या आय-थ्री मशीनवर विंडोजच्या जागी तेव्हा नवंकोरं असलेलं उबुंटू २०.०४ टाकलं, वर कोहा बसवलं, आणि मला म्हणाला, "मावशी, आता नोंदी तुम्ही टाका." वाचनालय बंद, मी आणि आमचे शिपाई दोघंच, दाखल नोंदवह्या एकेक उघडून दीड वर्षात सगळी पुस्तकं आत गेली. मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क आहे. पासवर्ड दाखल नोंदवही क्रमांक ११ च्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलाय. तो मुलगा आता बंगळुरूला नोकरीला आहे. २०२३ मध्ये त्याने तिकडूनच कोहा २२.११ वर आणून दिलं. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

आता प्रश्न. जूनपासून मशीन चालू केलं की खिडकी येते, या आवृत्तीचा सपोर्ट संपला. शिवाय काळ्या पडद्यावर "न्यू रिलीज २२.०४.५ एलटीएस अव्हेलेबल" असं येतं. मी रोज ती खिडकी बंद करते, जशी आपण दारावर आलेल्या विक्रेत्याला "नको" म्हणतो तशी. पण आमच्या मंडळातले एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, त्यांनी ती पाहिली आणि बैठकीत विषय काढला. म्हणे सभासदांचे फोन नंबर, पत्ते आहेत, उद्या काही झालं तर? कार्यवाह म्हणाले, चालतंय ना, मग कशाला बोटं घालायची? शेवटी ठरलं काय, तर "मॅडम चौकशी करून सांगतील".

मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, मावशी, एक कमांड आहे, मी रात्री करून देतो. पण दोन आठवड्यांत दिवाळी अंक सुरू होतायत. ज्यांनी कधी वाचनालयाची ही खिडकी पाहिली नाही त्यांना सांगते, वर्षभर पुस्तक बदलायला न येणारे लोकही दिवाळी अंकाला पहिल्या दिवशी रांग लावतात, आणि आपल्या आधी शेजाऱ्याला अंक मिळाला तर मला तोंडावर ऐकवतात. त्या आठवड्यात यंत्र बंद पडलं तर मी वहीवर देवघेव करू शकते, केलीय वीस वर्षं, पण मग ते सगळं परत आत कोण भरणार?

तर, एक, आत्ता करू की दिवाळीनंतर? दोन, २२.०४ करू की २४.०४, की पुढच्या एप्रिलमध्ये २६.०४ येतंय म्हणतात तोवर थांबू? आणि तिसरं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मराठी शब्द टाकून शोधलं की शून्य निकाल यायचे, इंग्रजी बरोबर सापडायचं. त्या मुलाने कुठल्यातरी फाइलमध्ये काहीतरी बदललं आणि ते सुरू झालं. काय बदललं ते त्यालाही आता आठवत नाही. अपग्रेड केल्यावर ते पुन्हा बिघडेल का?

---

सुडो_पाटील | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मॅडम, एवढं टेन्शन नका घेऊ. डू-रिलीज-अपग्रेड ही कमांड मारायची, २२.०४ होईल. रिस्टार्ट करून परत मारायचं, २४.०४ होईल. मधली पायरी गाळता येत नाही, एका एलटीएसवरून, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीवरून, पुढच्याच एलटीएसवर जाता येतं. मी असे सहा-सात लॅपटॉप केलेत. चांगलं नेट असेल तर एका संध्याकाळचं काम. सपोर्ट संपलेली सिस्टिम ठेवणं म्हणजे दाराला कुलूप न लावता जत्रेला जाणं.

---

अर्धा_चहा | ४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

पाटील, लॅपटॉपवर घरातला एक माणूस ओरडतो. इथे ६४० माणसं ओरडणार आहेत.

ताई, एक विचारायचं राहून गेलं. सर्व्हर इंटरनेटवरून उघडतो का, म्हणजे सभासद घरी बसून कॅटलॉग बघू शकतात का? की फक्त वाचनालयातल्या वाचनालयात?

---

देवघेव_खिडकी | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

फक्त वाचनालयात. काउंटरवर एक, वाचनकक्षात कॅटलॉग बघायला एक, आणि माझ्या टेबलावर खुद्द ते मशीन. राउटरला जोडलंय, त्यामुळे नेट आहे, पण बाहेरून उघडत नाही. एकदा मंडळाने तसं करायचं ठरवलं होतं, ते इतिवृत्तातच राहिलं.

---

कॅटलॉगर_पुणे | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

ताई, मीही ग्रंथपाल आहे, कॉलेजचा. कोहा बारा वर्षं वापरतोय आणि हे अपग्रेड दोन वेळा केलंय. एकदा तोंडावर आपटून, एकदा नीट. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोंडावर आपटलो ती गोष्ट आधी. २०.०४ वरून २२.०४ ला जाताना मी पाटलांनी सांगितलं तेच केलं आणि त्यापाठोपाठ कोहाचंही नवं पॅकेज चढवलं. मध्ये मध्ये ते थांबून विचारतं, अमुक फाइल तुम्ही बदललेली दिसतेय, तुमची ठेवू की नवी घालू? काही उत्तर न देता एंटर मारलं तर तुमचीच राहते. पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आधीच्या दहा प्रश्नांना मी वाय, वाय करत आलो होतो, तसंच याही प्रश्नाला वाय दाबला. ती फाइल होती डिफॉल्ट डॉट आयडीएक्स. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी विभागाच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, सर, तुमच्या ग्रंथालयातली सगळी मराठी पुस्तकं गेली कुठे?

तुमच्या त्या मुलाने बदललेली फाइल बहुतेक हीच. कोहाच्या मागे शोधाचं काम झेब्रा नावाचं इंजिन करतं. शब्द कसे तोडायचे आणि जुळवायचे हे त्याला ही फाइल सांगते. मूळ मांडणी रोमन लिपीच्या हिशेबाने केलेली असते, त्यात देवनागरीच्या काना-मात्रा-वेलांट्यांची दखल नीट घेतली जात नाही. म्हणून त्या फाइलमधली कॅरेक्टर-मॅपची ओळ बंद करून तिथे आयसीयूची, म्हणजे सगळ्या लिप्या समजणाऱ्या युनिकोडच्या साधनाची, ओळ घालतात आणि सगळी अनुक्रमणी पुन्हा बांधतात. ईटीसीमधल्या कोहा फोल्डरात झेब्राडीबी, त्याच्या आत पुन्हा ईटीसी, तिथे ती फाइल असते. आजच उघडून बघा. त्यात "आयसीयूचेन" असा शब्द दिसला की चोर सापडला.

आता यातली खरी मेख. कोहा-डंप ही बॅकअपची कमांड चालवली की दोन फाइली बनतात. एकीत डेटाबेस, दुसरीत तुमच्या वाचनालयाची सेटिंग्ज. लोकांना वाटतं, दोन्ही जपल्या म्हणजे सगळं जपलं. पण ही आयडीएक्स फाइल त्या दोन्हींत नसते. ती वाचनालयाची नाही, सगळ्या कोहाची सामाईक म्हणून धरलेली, त्यामुळे डंपमध्ये येतच नाही. ती वेगळी पेनड्राइव्हवर घ्या. माझं ऐकाल तर त्या ओळी कागदावरही लिहून ठेवा, नोंदवही क्रमांक ११ मध्ये पासवर्डच्या खाली जागा असेलच.

दुसरी गोष्ट जी मला सुरुवातीला माहीत नव्हती. उबुंटूचं अपग्रेड चालू झालं की बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरची भांडारं, ते बंद करून टाकतं, ओळीच्या सुरुवातीला खूण घालून. कोहा उबुंटूच्या भांडारात नाहीच, ते कोहा समुदायाच्या स्वतःच्या भांडारातून येतं. म्हणजे खालची जमीन बदलते, कोहा ज्या भाषेत लिहिलंय ते पर्ल ५.३० चं ५.३४ होतं, डेटाबेस सांभाळणारं मारियाडीबी १०.३ चं १०.६ होतं, आणि वर जुनंच कोहा लोंबकळत राहतं. शेवटी ते विचारतं, ही जुनी पॅकेजेस आता लागत नाहीत, काढून टाकू? त्या यादीत कोहाची माणसंही असू शकतात. तिथेही वाय दाबलात तर काय होईल ते तुम्हीच ओळखा.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवतो. तुमच्या वाचनालयात उबुंटू चालत नाही, कोहा चालतं. उबुंटू त्याच्या खालचं जोतं आहे. २२.०४ की २४.०४ हे नंतर. आधी हे सांगा, आत्ता हे मशीन उचलून विहिरीत टाकलं, तर दुसऱ्या मशीनवर तुमचं वाचनालय परत उभं राहतं का? कधी करून पाहिलंय?

---

देवघेव_खिडकी | ५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

नाही हो. बॅकअप रोज होतो एवढंच माहीत आहे.

आत्ता जेवायच्या सुट्टीत फाइल उघडली. आयसीयूचेन दोन ठिकाणी आहे, आणि वर त्याने इंग्रजीत लिहून ठेवलंय, "मावशीसाठी, काढू नये." पाच वर्षांत मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

---

अर्धा_चहा | ५ ऑक्टोबर, दुपारी १:२२

पोरगं गुणी आहे.

रोजचा बॅकअप म्हणजे कोहा आपलं आपण व्हारमधल्या स्पूल फोल्डरात टाकतं तो. तो त्याच हार्ड डिस्कवर असतो, आणि मुळात दोनच दिवसांचे ठेवतं, जुने पुसतं. डिस्क गेली की बॅकअपही गेला. पाच वर्षं रोज फिरलेली डिस्क आहे ती. उबुंटूच्या आवृत्तीपेक्षा मला तिची जास्त काळजी वाटते. आजच दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घ्या, पेनड्राइव्ह घरी न्या.

---

पॅच_मंगळवार | ५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मी हेच काम पोटापाण्यासाठी करतो, त्यामुळे भावना बाजूला ठेवून सांगतो.

दिवाळीपर्यंत तुम्हाला अपग्रेडची गरज नाही, उबुंटू प्रो ही वाढीव सपोर्टची सेवा जोडा. पाच मशीनपर्यंत फुकट आहे. ईमेल देऊन खातं काढायचं, एक टोकन मिळतं, ते प्रो अटॅच या कमांडपुढे चिकटवायचं, झालं. २०.०४ चा मूळ पाच वर्षांचा सपोर्ट मे २०२५ अखेर संपला, प्रोमध्ये तो एकूण दहा वर्षांचा होतो, म्हणजे २०३० पर्यंत. आवृत्ती तीच राहते, फक्त सुरक्षेचे दुरुस्त्या-तुकडे येत राहतात.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. साधा पाच वर्षांचा सपोर्ट उबुंटूच्या मेन नावाच्या भांडारापुरताच पक्का असतो. युनिव्हर्स हे त्याहून कितीतरी मोठं भांडार, त्याची तशी हमी नव्हतीच. तुमचा मारियाडीबी २०.०४ मध्ये युनिव्हर्समध्ये आहे. म्हणजे ज्या डेटाबेसमध्ये सभासदांचे फोन नंबर आहेत त्याचीच पहिल्या दिवसापासून हमी नव्हती. प्रोमध्ये युनिव्हर्सही येतं. त्या निवृत्त गृहस्थांना हे नक्की सांगा, त्यांना बरं वाटेल.

पण प्रो कोहाला हात लावत नाही. कोहा तुमचं २२.११ वरच थांबणार. म्हणून प्रो म्हणजे मुक्काम नव्हे, एसटी स्टँडवरचं बाकडं. दिवाळी काढा त्याच्यावर.

२६.०४ साठी थांबू नका. एप्रिलमध्ये आलं तरी एलटीएसवाल्यांना अपग्रेडचं आमंत्रण पहिल्या पॉइंट रिलीजनंतर, म्हणजे २६.०४.१ अशा दुरुस्त आवृत्तीनंतर येतं, सहसा ऑगस्टमध्ये. त्यातही २०२४ ला काय झालं आठवतंय का कुणाला? ऑगस्टच्या शेवटी २४.०४.१ आलं, २२.०४ वाल्यांसाठी वाट उघडली, आणि काही दिवसांतच अपग्रेड करणाऱ्या टूलमध्ये दोष निघाला म्हणून ती तात्पुरती बंद करावी लागली. उबुंटू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पहिल्या गाडीत चढायची तुम्हाला गरज नाही एवढंच.

---

सुडो_पाटील | ५ ऑक्टोबर, रात्री ९:०२

मान्य, सर्व्हर आहे हे मी लक्षात घेतलं नाही. पण मग उबुंटू ज्यावर उभं आहे ते डेबियनच का नको? कोहा बनवणारे स्वतः डेबियनवर काम करतात.

---

कॅटलॉगर_पुणे | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३५

मुद्दा बरोबर आहे आणि नव्याने सुरू करणाऱ्याला मी तेच सांगेन. पण ताईंना पाच वर्षांत उबुंटूचा पडदा ओळखीचा झालाय, कुठलं बटण कुठे ते हाताला माहीत आहे. आजारपणात घर बदलू नये.

ताई, पॅचरावांच्या पुढचं मी सांगतो. दिवाळीनंतर मंडळाकडून एक एसएसडी आणि ४ जीबीची एक रॅमची पट्टी मागा. २४० जीबीची पुरे. जुनी डिस्क मशीनमधून काढा आणि बाजूला ठेवा, तिला कुणीही हात लावायचा नाही. नव्या एसएसडीवर कोरं २४.०४, त्यावर कोहा २४.११. कोरं टाकताना मधल्या २२.०४ मधून जावंच लागत नाही, हा फायदा. मग कोहा-रिस्टोअरला त्या दोन फाइली दाखवायच्या, डेटाबेस आणि त्याचा वापरकर्ता ते आपलं आपण बनवतं. नंतर कोहा-अपग्रेड-स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधले २२.११ चे तक्ते २४.११ च्या मापाचे होतात. मग आयडीएक्समध्ये बदल. जुनी फाइल सरसकट वर टाकू नका हं, नव्यात आणखी काही बदललेलं असू शकतं, फक्त त्या दोन ओळी. शेवटी कोहा-रिबिल्ड-झेब्रा.

आणि भांडाराच्या ओळीत "स्टेबल" लिहू नका, "२४.११" असा आकडा लिहा. स्टेबल हे नाव दर सहा महिन्यांनी पुढच्या आवृत्तीवर सरकतं. एखाद्या दिवशी तुम्ही सहज अपडेट करायला जाल आणि कोहाची अख्खी आवृत्ती बदलून बसेल.

काही फसलं तर? मशीन बंद, जुनी डिस्क परत जोडा, दहा मिनिटांत कालचं वाचनालय. अपग्रेड जाग्यावर केलंत तर ही सोय नाही, आणि मध्येच लाईट गेली तर अर्धं २०.०४ अर्धं २२.०४ असं काहीतरी हातात राहतं, ते कुणालाच नीट करता येत नाही. कोकणात लाईटचं मी तुम्हाला काय सांगणार.

---

देवघेव_खिडकी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

सगळ्यांचे आभार. मला इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. आज प्रो जोडते. कमांड लिहून घेतल्यात. बाकी तुळशीचं लग्न झाल्यावर.

---

देवघेव_खिडकी | ३० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५०

मंडळी, झालं. जसं झालं तसं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

प्रो त्याच दिवशी जोडलं, वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा ईमेलचा पासवर्ड शोधण्यात. दिवाळी अंक निर्विघ्न गेले. म्हणजे यंत्राने त्रास दिला नाही, माणसांनी दिला तेवढा दिलाच.

मंडळाने एसएसडी आणि रॅम मंजूर केली. बँकवाल्या गृहस्थांनी सूचना मांडली, कार्यवाहांनी "चालतंय ना" एकदा म्हणून घेतलं. मग बंगळुरूचा मुलगा एका लग्नाला गावी आला होता, त्याला सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, पकडून बसवला. तो म्हणाला, मावशी मी करतो. मी म्हटलं, तू नाही, मी करते, तू शेजारी बस. गेल्या खेपेला तू केलंस म्हणून मला काही माहीत नाही.

सकाळी आधी शेवटचा डंप. दोन फाइली, दोन पेनड्राइव्ह. मग मशीन उघडलं. आत एवढी धूळ की पेंटिंगच्या ब्रशने झाडावी लागली. एसएसडी बसली, उबुंटू २४.०४ अर्ध्या तासात, कोहा उतरायला जास्त वेळ लागला कारण आमचं नेट. रिस्टोअर दहा मिनिटांत. मी आपली मनात म्हणते, एवढंच?

काउंटरच्या मशीनवर उघडायला गेले तर काहीच नाही. पान लोड होतंय, होतंय, आणि नाही. कारण जुन्या मशीनला त्याने नेटवर्कवरचा कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, शेवटी १.१० असलेला. कोऱ्या उबुंटूने राउटरकडून भलताच घेतला. डंपमध्ये पत्ता येत नाही! तो पुन्हा घातला. मग वाचनकक्षातलं मशीन उघडलं, तर आमच्या कॅटलॉगऐवजी अपाची नावाच्या वेब सर्व्हरचं पांढरं पान, "इट वर्क्स". मुलगा हसायला लागला. मी म्हटलं, वर्क्स काय, पुस्तकं कुठायत? ते मूळचं पान बंद करावं लागतं म्हणे, आणि आमच्या कामाची जी बाजू ८०८० वर उघडते, त्यासाठी अपाचीच्या पोर्टच्या फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते. तीही डंपमध्ये नाही. मी आता वहीत एक पान केलंय, मथळा "डंपमध्ये जे येत नाही". पत्ता, पोर्टची ओळ, मूळ पान, आयडीएक्स. चार गोष्टी. पाचवी सापडेल तेव्हा लिहीन.

मग शोध. "शेती" टाकलं. शून्य. मला माहीत होतं शून्यच येणार, तुम्ही सांगितलं होतं, तरी पोटात गोळा आला. २९ हजार पुस्तकं आणि शेतीवर एक नाही. आयडीएक्स उघडली, दोन ओळी बदलल्या. या वेळी वरची सूचना मी मराठीत लिहिली. झेब्रा पुन्हा बांधायला लावलं आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत येऊन "शेती" टाकलं, ३१२ आले. मी "आरोग्य" टाकलं, "कोकण" टाकलं, मग उगाच दहा-बारा शब्द टाकत बसले. तो म्हणाला, मावशी पुरे.

त्यात एक गंमत निघाली, ती कॅटलॉगर सरांना विचारायची आहे. "वाऱ्या" टाकलं तर काही पुस्तकं आली, पण एक नक्की माहीत असलेलं पुस्तक आलं नाही. नोंद उघडली तर शब्द तिथे आहे, डोळ्यांना तोच दिसतो. जुन्या डिस्कवरही हे असंच असणार, पण कधी लक्षात आलं नव्हतं.

आणखी एक, त्याला बंगळुरूहून पूर्वी माझा पडदा दिसायचा, परत गेल्यावर काळाच दिसायला लागला. लॉगिनच्या वेळी खाली दातेरी चाक असतं, तिथून एक्सऑर्गवालं, म्हणजे पडदा दाखवायच्या जुन्या पद्धतीचं, उबुंटू निवडल्यावर दिसू लागला.

जुनी डिस्क मी पाकिटात घालून, वर तारीख टाकून, दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटात ठेवलीय. किल्ली माझ्याकडेच असते.

---

कॅटलॉगर_पुणे | १ डिसेंबर, सकाळी १०:१०

झकास! पोर्टची ओळ मी सांगायला विसरलो, माफी. कोहामध्ये अबाउटच्या पानावर सिस्टम इन्फर्मेशन आहे, ते एकदा बघा. रिस्टोअरमुळे तुमची जुनी कॉन्फ, म्हणजे सेटिंग्जची, फाइल नव्या कोहावर आलीय, तिच्यात २२.११ नंतर आलेल्या ओळी नसतील तर तिथे इशारे दिसतील. काम थांबत नाही, पण एकेक करून मिटवा.

"वाऱ्या"चं उत्तर. तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्डांवर र खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त. काहींवर साधा र, हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, झेब्राला दोन वेगळे शब्द. लॉकडाऊनमध्ये नोंदी दोन माणसांनी टाकल्या म्हणालात ना? दोघांचे कीबोर्ड वेगळे असणार.

---

देवघेव_खिडकी | १ डिसेंबर, दुपारी २:०५

अगदी! मी इन्स्क्रिप्टवर, आणि आमचे शिपाई रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवायचे. आता नोंद पाहिली की ती कुणी टाकली ते मला र वरून कळतं.

ते निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेते. तऱ्हा, दऱ्या, वाऱ्या, कोऱ्या, यादी करायला घेतलीय. आणखी कुठले शब्द असतील?

---

अर्धा_चहा | १ डिसेंबर, दुपारी २:११

किनाऱ्यावर राहता आणि किनाऱ्यालाच विसरलात?